गठ्ठ्यांवरचा देश

सोमवार, २३ सप्टेंबर

ही डायरी मालकांनी दिली. गेल्या वर्षीची आहे, ट्रान्सपोर्टवाल्यानं वाटलेली, म्हणून छापलेले वार सगळे चुकीचे. मी वार खोडून बरोबर लिहितोय. तारखांना हात लावलेला नाही, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

लिहायला बसलो त्याचं कारण रद्दी. आमचं दुकान नव्या पेठेत, चादरी आणि टॉवेलचं. डझनाची पुडकी आम्ही रद्दीत बांधतो. आज जो भारा आला त्यात वर्तमानपत्रं नव्हती, टाइप केलेली पांढरीशुभ्र पानं होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'लोकशाही आणि मानवी विकास: देशादेशांतील संबंधाचा अभ्यास (कच्चा मसुदा)'. खाली सुकन्या म्हणून कुणीतरी, आडनावावर चहा सांडलेला.

आत बघतो तर जगातल्या सगळ्या देशांची मार्कलिस्ट! पहिला कोण, ढकलपास कोण, सगळं उघडं. शाळेत आमाला फक्त आमचीच मार्कं सांगायचे, देशांची असतात हे कुणी बोललंच नाही. नॉर्वे वरती. आपला देश शोधायला तिसऱ्या पानावर जावं लागलं. मला बरं वाटलं, वर्गात माझीही बाकं तिकडंच असायची.

मार्कं तीन गोष्टींवर देतात. लोक किती वर्षं जगतात, किती शिकतात, किती कमावतात. शेजारच्या रकान्यात लोकशाही आहे का नाही ते. आणि अख्ख्या बुकाचा सवाल एकच: लोकशाही असली की माणसं सुधारतात, का माणसं सुधारली की लोकशाही येते, का दोघांची नुसतीच ओळख आहे?

उत्तर शेवटच्या पानावर असणार म्हणून घाईघाईनं मागं गेलो, तर शेवटचं पान नाही. काउंटरवरच्या गुरुनं ते पुडक्याला गुंडाळलं होतं.

"कुणाला दिलंस?"

"गिऱ्हाइकाला."

"कोणत्या?"

"टॉवेल नेलं त्या."

आता झोप कशी लागणार.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ठरलं. उत्तर मी स्वतःच काढणार. देश नाहीत माझ्याकडं, पण खोल्या आहेत.

अभ्यास म्हटला की आधी सगळ्यांची ओळख द्यावी लागते, सुकन्या मॅडमनीही दिली आहे. म्हणून लिहितो. मी बिरुदेव, वय एकवीस, आठवी पास, मुक्काम केमजवळची वस्ती. धंदा बापाची मेंढरं. पण मेंढरांत माझा जीव रमला नाही, ती रोज तेच तेच करतात. मग पुण्यात हॉटेलात चार महिने, नगरला गॅरेजमध्ये दोन, नाशकात द्राक्षं एक हंगाम. सोलापुरात सात महिने झाले. माझ्या हिशोबानं ही कायमची नोकरी.

दुकानाच्या वर गोदाम, गोदामाला लागून खोली. खोलीत आम्ही पाच. गुरु, तो काउंटरला आणि बाकीचा वेळ आरशाला. मृत्युंजय, टेम्पो चालवतो. ईरप्पा, टॉवेलच्या घड्या घालतो आणि घोरतो. मी, पुडकी आणि पडेल ते काम. आणि संगप्पा अण्णा.

अण्णा म्हणजे हुकूमशाही. पन्नाशी ओलांडलेले, अक्कलकोटकडचे, चिडले की कानडी. दाभण-सुतळीनं गठ्ठे शिवतात. बावीस वर्षं त्याच खोलीत आहेत आणि एकदाही निवडून आलेले नाहीत. आंघोळीचा नंबर अण्णा ठरवणार. पंखा किती फिरणार ते अण्णा. वाद सुरू झाला की हात वर करून "साकु!" म्हणतात, कानडीत म्हणजे पुरे. म्हणाले की सगळं बंद.

जुलमाचा एक नमुना नोंदवून ठेवतो. ऑगस्टात मला ताप आला होता. पंख्याखालची माझी जागा अण्णांनी काढून घेतली आणि मला न विचारता भिंतीकडच्या त्यांच्या गादीवर टाकलं. वर तीन दिवस बळंच पेज पाजली. माझं मत कुणी विचारलं? कुणीही नाही.

आणखी एक. गठ्ठ्यावर गावाचं नाव लिहायचं सोडून अण्णा ब्रशनं निशाणं काढतात. हैदराबादला चौकोन, लातूरला दोन रेघा. माल निघायला तयार झाला की शेपटीचा गोल, म्हणजे 'रवाना'. टेम्पोवाले बिचारे पाठ करून बसलेत. सगळा कारभार असा गुप्त. अशा राज्यात हे चालायचंच.

गुरुवार, २६ सप्टेंबर

शेजारचा देश बघून आलो. भांड्यांच्या दुकानातली चार पोरं, जिन्यापलीकडं राहतात. ती पक्की लोकशाहीवाली. सगळं मतदानानं.

गेलो तर खोलीत अंधार.

मी विचारलं, "लाइट गेली काय?"

त्यांच्यातला माउली अंधारातून बोलला, "बल्ब गेलाय. पांढरा आणायचा का पिवळा, मतदान झालं. दोन-दोन."

"कधी?"

"अकरा दिवस झालं. फेरमतदान रविवारी."

"पटकन आणा की कुठलाबी."

"तसं करता येत न्हाय बिरुदेव. आमी काय तुमच्यावानी हाय का?" माउली अभिमानानं बोलला आणि उठताना कळशीला पाय अडकून पडला.

नोंद: लोकशाहीत स्वाभिमान जास्त. उजेड कमी.

रविवार, २९ सप्टेंबर

पहाटे साडेचारला उठून माहिती गोळा करायला सुरुवात केली, कारण त्या वेळी सगळे घरात सापडतात. गुरुनं चप्पल फेकली. ती मी 'प्रतिसाद नाही' अशी नोंदवली.

आयुष्य: आजोबा किती जगले ते विचारलं. मृत्युंजयचे आजोबा एकेचाळीसला गेले. ईरप्पाला आठवत नाही. गुरुचे अजून चालू आहेत, कधी थांबतील सांगता येत नाही म्हणून शंभर धरले. तब्येतीसाठी सगळ्यांना गठ्ठ्याच्या काट्यावर उभं केलं. मृत्युंजय ८१, ईरप्पा ७०, गुरु ५८, मी ५२. अण्णा म्हणाले, "मी काय टॉवेल हाय?" आणि काट्यावर आलेच नाहीत.

कमाई: मालक सगळ्यांना देतात ती दुनियेला ठाऊक आहे. रकाना सोडला.

शिक्षण: गुरु बारावी, मृत्युंजय दहावी, मी आठवी, ईरप्पा पाचवी. अण्णांना विचारलं, "तुमची कितवी?"

दाभण चालवता चालवता थांबले. "माजी शाळा काडायची न्हाय."

"नुसता आकडा सांगा की अण्णा."

"साकु."

आता हुकूमशहा कधी माहिती देतो का? मग मीच अंदाज केला. जो माणूस इतके हुकूम सोडतो तो दहावी तरी असणार. दहा धरले. बेरीज पंचेचाळीस, भागिले पाच, खोलीची सरासरी नऊ. शेजारच्यांची आठ आली. म्हणजे हुकूमशाही असून आम्ही एकानं पुढं! हे बुकाच्या विरुद्ध जातंय का बाजूनं, ते शेवटच्या पानाशिवाय कसं कळणार?

तिसरा देशही बघितला. गल्लीतली शिवबाई मावशींची खानावळ, आम्ही सगळे तिथंच जेवतो. ते राणीचं राज्य. मावशी वाढतील ते खायचं, त्यांना वाटेल तेवढं खायचं. मी म्हटलं, "मावशी, उद्याच्या भाजीवर मतदान घ्यायचं का?"

"घे की. भांडीबी मतदानानं घासा."

प्रजा गप जेवली.

बुधवार, २ ऑक्टोबर

आज वाईट झालं.

मालक, म्हणजे चन्नप्पा शेठ, वर आले. चप्पल काढून उभे राहिले तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे, एरवी ते चप्पल काढत नाहीत. दिवाळीचा माल येतोय, दुप्पट. गोदाम पुरत नाही, खोलीतला अर्धा कोपरा लागणार. पाच गाद्या आता मावणार नाहीत.

"चौघं ऱ्हावा. एकाला कमी करावं लागंल. आमच्याकडं खोली आन् नोकरी बरुबरच असती, तुमाला ठाऊक हाय. कोण ते तुमचं तुमी ठरवा. मला सांगायला लावू नका." असं म्हणून मालक घाईनं खाली गेले. एक चप्पल वरच राहिली.

मी एकेकाचा हिशोब केला. ईरप्पाच्या घरी तीन पोरी. मृत्युंजयचं लग्न ठरलेलं. गुरुचं काय, त्याला कुठंही आरसा मिळेल. अण्णांना बावीस वर्षांत दुसरी जागाच माहीत नाही. आणि मी गेलो तर सरळ मेंढरं. बाप सात महिने वाटच बघतोय. म्हणतो, परमुलखात गेलास, परमुलूख काय ठेवून घेतोय का बघू.

पण खरं सांगतो, घाबरण्याच्या आतच माझ्या डोक्यात आलं: हाच तो प्रयोग!

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सकाळी चहाला जाहीर केलं. "मतदान घ्यायचं. गुप्त. ज्यानं जावं असं वाटतंय त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं."

मृत्युंजयनं गुरुकडं बघितलं, गुरुनं ईरप्पाकडं. मग तिघंही माझ्याकडं बघून एकदम म्हणाले, "चालंल की." इतका पाठिंबा मला अपेक्षित नव्हता.

अण्णा मात्र म्हणाले, "चिठ्ठ्या न्हाईत. हात वर करायचं."

मी म्हटलं, "हात वर केल्यावर माणूस भितो अण्णा. नाव लिहिलं की भीत न्हाय."

"मी लिवणार न्हाय."

बघा! गुप्त मतदान म्हटलं की हुकूमशहा कसा चरकतो. मी ऐकलं नाही. दुपारपर्यंत आमची दोघांची बोलचाल बंद. जेवताना शिवबाई मावशींनी अण्णांच्या ताटाकडं बघितलं, अर्धी भाकरी तशीच. मग माझ्याकडं वळल्या.

"ए शाण्या, सरकार कसं मतदान घेतंय? नावं लिवून घेतंय व्हय? चिन्हं असत्यात की. चिन्ह काढ."

"चिन्हं कशाला मावशी? सगळे शिकलेले हायत."

"मी सांगती म्हणून."

राणीपुढं काही चालत नाही. पण कल्पना आवडली, चिन्हं असली की निवडणूक खरी वाटते. गुरुला कंगवा, मृत्युंजयला चाक, ईरप्पाला उशी, अण्णांना सुतळीचा गुंडा, मला पेन. अण्णांना विचारलं, आता तरी? म्हणाले, "आता चालंल." आणि उरलेली भाकरी खाल्ली.

हुकूमशहाला मी नमवलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

प्रचार जोरात. निकाल तसा उघडच आहे. बावीस वर्षांचा जुलूम जनता विसरत नसते. अण्णांचं वाईट वाटतं, पण इतिहासापुढं मी कोण?

तरी जनतेचा कौल घेतला. गुरु म्हणाला, "आमाला शांती पायजे बघ. पहाटं साडेचारला कुणी आमचं आजोबं मोजू नयेत, एवडंच." मृत्युंजय म्हणाला, "आन् माणसानं माणसाला काट्यावर चढवू नये." ईरप्पा कधी बोलत नाही, तोसुद्धा म्हणाला, "लई प्रश्न इचारतंय." कोण विचारतंय ते त्यानं सांगितलं नाही. मालकच असणार. तिन्ही मागण्या जाहीरनाम्यात घातल्या.

दुपारी बापाचा फोन आला. बापाचा, म्हणजे बाळासोंचा, आवाज गोदामाच्या पत्र्यालाही ऐकू जातो.

"खोली चालली म्हनं तुजी? ये मग. काठी ठिवलीय तुजी दारामागं. दसऱ्यानंतर मेंढरं घिऊन निगायचं हाय."

"अजून ठरलं न्हाय, आबा. मतदान हाय."

"मेंढरं मतदान करत न्हाईत, तरी चालत्यात. ये तू."

मी म्हटलं, आबा, मला न्हाय यायचं, मला हितं बरं वाटतंय. फोन ठेवला तर मागं अण्णा गठ्ठा शिवत बसलेले. ऐकलं की काय कुणास ठाऊक. सुतळी तोडताना दातात धरून बराच वेळ तसेच बसले होते.

रविवार, ६ ऑक्टोबर

मतदान सकाळी नऊला शिवबाई मावशींच्या खानावळीत. मावशी निवडणूक अधिकारी. पेटी म्हणजे शेंगाच्या चटणीचा रिकामा डबा. प्रत्येक चिठ्ठीवर मी पाची चिन्हं काढली होती. ईरप्पाची उशी भाकरीसारखी झाली, त्यावरून त्यानं हरकत घेतली, ती फेटाळली.

एकेकानं पडद्याआड जायचं, ज्यानं जावं त्याच्या चिन्हावर फुली मारायची, डब्यात टाकायचं. अण्णा सगळ्यात शेवटी गेले. लई वेळ लावला. गुरु ओरडला, "अण्णा, गठ्ठा शिवताय काय आत?"

मोजणी मावशींनी केली. एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवायची.

पेन.

पेन.

सुतळी. (ते माझं मत.)

पेन.

सुतळी.

पेन तीन, सुतळी दोन. मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि कुणाकडंच न बघता पिठाकडं वळल्या.

म्हणजे मी.

मी उठून म्हटलं, "निकाल मान्य हाय." असं म्हणायचं असतं. आवाज जरा बारीक आला, पण म्हटलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

पिशवी भरली. तीन शर्ट, दोन पँटी, ही वही, मार्कलिस्ट. मंगळवारच्या गाडीनं केम.

सगळे विचित्र वागतायत. गुरुनं स्वतःचा चांगला कंगवा मला देऊन टाकला. मृत्युंजय म्हणाला, "स्टेशनला मी सोडतो, टेम्पोत पुढं बस," आणि ती सीट फडक्यानं पुसायला लागला. ईरप्पा काल अजिबात घोरला नाही. आनंदानं झोप लागली नसावी.

पराभवाचं मी बारकाईनं परीक्षण केलं. सुतळीला दोन मतं, त्यातलं एक माझं. दुसरं कुणाचं? अण्णांचं असणं शक्य नाही, स्वतःला कोण घालवतो? म्हणजे अण्णांचं मत पेनाला. राहिले तिघं, त्यातले दोघं पेनाला आणि एक जण छुपा माझ्या बाजूचा. मी ती पाचवी चिठ्ठी मावशींकडून मागून घेतली आणि उजेडात धरली. फुली नाहीच. सुतळीच्या गुंड्यावर गठ्ठ्यावरचं निशाण काढलंय, शेपटीचा गोल. रवाना. आणि तेही पेननं नाही, ब्रशच्या काळ्या शाईनं.

उलगडा झाला. हा गुरु. एक नंबरचा चेष्टेखोर. अण्णांचा ब्रश चोरून, अण्णांचंच निशाण काढून अण्णांनाच रवाना केलं. माझ्या बाजूचा निघाला तो, म्हणूनच कंगवा दिला. त्याला मी डोळा मारला. तो घाबरून दुकानात पळाला.

अण्णा दिवसभर खोलीत जमिनीवर ओणवे होऊन वीत घालत होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीत, मग गठ्ठ्यावर वीत, परत भिंत. माझी गादी उचलायची त्यांना इतकी घाई झालेली बघून मनाला लागलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

राज्य उलथवलं गेलं. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी पिशवी खांद्याला अडकवून निघालो तर अण्णा दारात आडवे.

"कुटं निगालास?"

"घरी. जनतेचा कौल हाय."

"जनता गेली च्या प्यायला. पिशवी ठिव. गठ्ठा धर."

"अण्णा, निकाल लागलाय. तीन-दोन."

"साकु! ते टोक धर म्हणतो न्हवं."

धरलं. सवय असते हाताला. मग मृत्युंजयला हाक, गुरुला हाक, ईरप्पाला हाक. दोन तासांत नवीन मालाचे गठ्ठे खोलीत आले. पण कोपऱ्यात रचले नाहीत. अख्ख्या जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकाला एक चिकटवून आडवे पसरले. वर दुसरा थर. फटीत नॅपकिनची पुडकी ठोकून बसवली. कमरेइतका उंच, सपाट, अख्खा ओटाच झाला. त्यावर पाच गाद्या. पाच! वीतभर जागा उरली, तिथं अण्णांनी पाण्याची कळशी ठेवली.

मालक वर आले आणि दारातच थांबले, कारण आत जायला जमीनच नव्हती.

"संगप्पा, हे काय?"

"मालक, तुमाला गठ्ठं ठिवायला जागा पायजे हुती. ठिवलं. वरची हवा तुमच्या कामाची न्हाय, तितं आमी झोपतो."

"माल दबंल की."

"टॉवेल हायत, काचा न्हाईत. दाबून बसला तर मी आन्कीन आवळ शिवतो."

मालकांनी पाची गाद्या मोजल्या. मग परत मोजल्या. "मग एकाला कमी..."

"कुणीबी न्हाय."

मालक हसले. इतके सुटल्यासारखे हसले की त्यांचीच नोकरी वाचली असं वाटावं. जाताना दोन्ही चपला आठवणीनं घातल्या.

मृत्युंजयनं मला उचलून गठ्ठ्यावर टाकलं. गुरु आणि ईरप्पा वेड्यासारखे नाचायला लागले, एक पुडकं घसरलं. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, "हे बेकायदा हाय! मतदान झालं, निकाल लागला, आन् एका माणसानं सगळं फिरवलं. हा लोकशाहीचा खून हाय!"

मृत्युंजय म्हणाला, "बिऱ्या, गप. वाचलास तू."

"मी वाचलो हा मुद्दाच न्हाय!"

"मग पिशवी उचल आन् जा," गुरु म्हणाला.

मी तात्त्विक पातळीवर बोलत होतो, ते त्याला कळलं नाही. निषेध म्हणून दुपारचं जेवण सोडलं. तेवढ्यात शिवबाई मावशी स्वतः कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही घेऊन आल्या. निषेध संध्याकाळपर्यंत पुढं ढकलला.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पंखा आता नाकापाशी आहे. वारा थेट लागतो. टॉवेलावर झोपल्यानं पाठ दुखायची थांबली. ईरप्पा परत घोरायला लागला.

निषेध कायम आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

माउली आमची नवी व्यवस्था बघायला आला. वर चढून बसला, उड्या मारून बघितल्या. मग उदास झाला. म्हणाला, "आमच्यात ह्याच्यावर दोन-दोन झालं असतं." बल्ब अजून आलेला नाही. फेरमतदानात एकानं हिरवा सुचवला.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

सकाळी दुकानात पूजा. काटा, कात्री, अण्णांचं दाभण, टेम्पो, सगळ्यांना हळदकुंकू. मालकांनी आपट्याची पानं वाटली. मग आम्ही शिवबाई मावशींकडं पानं द्यायला गेलो. मावशींनी भाकरीच्या फळीवरचा जुना कागद बदलायला काढला होता. मी सहज बघितलं आणि ओरडलोच.

शेवटचं पान! टॉवेल नेणारं ते गिऱ्हाईक मावशीच होत्या.

वर चटणीच्या तेलाचा मोठा डाग. डागाच्या आजूबाजूला वाचलं ते असं: 'निष्कर्ष. लोकशाही आणि मानवी विकास यांच्यात संबंध दिसून येतो. मात्र कशामुळे काय घडते हे...' मग डाग. डागानंतर एकच ओळ: 'यासाठी अधिक अभ्यासाची गरज आहे.'

मी पान तिथंच खाली ठेवलं. वीस दिवस! मॅडमना सांगायला पाहिजे की अभ्यास चालू आहे, नव्या पेठेत.

अण्णा बाजूला बसले होते. म्हणाले, "काय लिवलंय?"

वाचून दाखवलं.

"म्हंजे तिलाबी ठावं न्हाय."

"न्हाय."

"मग चांगली बाई हाय." मग म्हणाले, "आन् आपल्या खोलीचं मार्क किती निगालं?"

मी वही उघडली. "शिक्षणात सरासरी नऊ, अण्णा. शेजारची आठ. तुमची दहावी धरून."

"दहा कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. मी अंदाजानं..."

अण्णा दाभणावरची हळद अंगठ्यानं पुसत राहिले. मावशी भाकरी थापायच्या थांबल्या.

"शून्य धर," अण्णा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग चौकोन आठवले, लातूरच्या दोन रेघा आठवल्या, 'मी लिवणार न्हाय' आठवलं. मावशी म्हणाल्या होत्या, मी सांगती म्हणून. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"लिव की. खरा अभ्यास करतोस न्हवं? खरं लिव."

दहा खोडून शून्य लिहिलं. बेरीज पस्तीस, भागिले पाच. "सात आलं अण्णा. शेजारची पुढं गेली."

"जाऊ दे. अंधारात बसल्यात बिचारी."

मावशींच्या नातीची, भुवनेश्वरीची, पाटी तिथंच पूजेला मांडलेली होती. एक-एक आकडे जोडून काढलेली सरस्वती तिच्यावर. अण्णांनी पाटी जवळ ओढली.

"ह्यो एक व्हय?"

"व्हय. सगळे एकच हायत."

अण्णांनी खडू घेतला, दाभण धरतात तसा मुठीत. सरस्वतीच्या पायाशी एक काढला. वाकडा आला, पण उभा राहिला. मग हाताच्या सवयीनं त्याच्या शेजारी शेपटीचा गोल मारला आणि पाटी माझ्याकडं सरकवली.

"उद्यापासनं रोज शिकीव. पाटं साडेचारला चालंल, तसाबी तू कुणाला झोपू देत न्हाईस. शिकीवलंस की मग शून्य खोड आन् एक धर."

मी मान हलवली. पाटीवरच्या निशाणाकडं बघत बसलो. गोल, शेपूट, शेवटी जरासा झटका. हुबेहूब चिठ्ठीवर होतं तसं.

मानलं पाहिजे. गुरु नक्कल मात्र फर्स्ट क्लास करतो.